कौटुंबिक वकिलीची सुरुवात: पुण्यात ज्युनिअर राहू की तालुक्याच्या कोर्टात?

नवी_सनद

नमस्कार मंडळी. तीन वर्षांचं एलएल.बी. झालं, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद (वकिलीचा परवाना) मिळाली, एआयबीई (वकिलांची अखिल भारतीय बार परीक्षा) अजून द्यायची आहे. वैवाहिक, पोटगी आणि मुलांच्या ताब्याची कामं करायची हे ठरलंय. दोन ठिकाणी ज्युनिअर म्हणून सोय होतेय. पुण्यात एक सीनिअर मॅडम आहेत, त्या फक्त कौटुंबिक न्यायालयात उभ्या राहतात. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी एक सर आहेत, त्यांच्याकडे दिवाणी-फौजदारी सगळंच येतं.

कुठे जावं? पहिल्या वर्षात हाताखालून काय काय जायला हवं? पहिली याचिका लिहिताना कुठे चुकतं? आणि पोटगीचा आकडा शेवटी न्यायाधीशच ठरवतात, तर त्यात वकिलाचं नेमकं काम काय? पुस्तकातलं उत्तर नको, कोर्टात जसं घडतं तसं सांगा.

रोजनामा

आधी एक नकाशा डोक्यात बसवा, म्हणजे निम्मं उत्तर आपोआप मिळेल. नवरा-बायकोचं एकच भांडण, पण ते एका कोर्टात कधीच मावत नाही.

पुण्यासारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. १९८४ च्या कायद्यानुसार घटस्फोट, विवाह रद्द ठरवणं, नांदायला येण्याची मागणी, पोटगी, मुलांचा ताबा आणि पती-पत्नीमधली मालमत्ता हे सगळं तिथे चालतं. पोटगीचा जो अर्ज एरवी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो, तोही अशा ठिकाणी कौटुंबिक न्यायालयातच करावा लागतो. पण घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात जातो. छळाची फिर्याद आधी पोलीस ठाण्यात आणि मग जेएमएफसीकडे जाते. ती रद्द करायची तर उच्च न्यायालय. सासऱ्याच्या जमिनीत वाटणी मागायची तर दिवाणी न्यायालय.

जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे विवाह याचिका दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालते आणि अपील जिल्हा न्यायालयात जातं. पोटगीचा अर्ज जेएमएफसीकडे. म्हणजे तालुक्याच्या सरांकडे तुम्हाला एकाच आवारात चारही बाजू दिसतील. पुण्यात मॅडमकडे त्यातली एकच बाजू दिसेल, पण ती रोज आणि खोलात.

माझं मत: पहिली दोन वर्षं मिश्र काम करणाऱ्याकडे घालवा. कारण वैवाहिक खटला बहुधा कायद्याच्या मुद्द्यावर अडत नाही. तो समन्सच्या बजावणीवर, कैफियतीच्या (प्रतिवादीच्या लेखी उत्तराच्या) मुदतीवर, निशाणी (पुराव्यातला क्रमांक) न पडलेल्या कागदावर अडतो. ही सगळी दिवाणी प्रक्रिया संहितेची कामं आहेत. कौटुंबिक न्यायालयाला कलम १० आणि १४ ने प्रक्रियेत आणि पुराव्यात मोकळीक दिली आहे, त्यामुळे फक्त तिथेच वाढलेला ज्युनिअर जेएमएफसीमध्ये उलटतपासणी घ्यायला उभा राहिला की गडबडतो.

तरी निर्णय नावावर करू नका, बोर्डावर (रोजच्या प्रकरणांच्या यादीवर) करा. दोन्हीकडे आठवडाभर नुसतं बसा आणि त्यांच्या डायरीतली प्रकरणं मोजा. किती पुराव्याच्या टप्प्यावर आहेत, किती परस्पर संमतीची आहेत? सगळी संमतीचीच असतील तर तुम्ही तडजोडीचे मसुदे छान शिकाल, पण साक्षीदार कसा हाताळायचा ते शिकणार नाही. मॅडमकडे पुराव्याची कामं भरपूर असतील तर माझं वरचं मत बाजूला ठेवा आणि पुण्याला जा.

पहिल्या सहा महिन्यांत हे हाताखालून गेलंच पाहिजे: वकीलपत्र भरून वेल्फेअर स्टॅम्प (वकील कल्याण निधीचं तिकीट) लावणं, ई-फायलिंग, नक्कल अर्ज (कोर्टाच्या कागदाची प्रत मागणारा), कागदांची यादी करून दाखल करणं, पुरसीस (न्यायालयाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) लिहिणं, समन्सचा भत्ता भरणं आणि बेलिफाचा अहवाल वाचणं. शेवटच्या दोन गोष्टी फालतू वाटतात, पण वर्ष तिथेच वाया जातं. पत्त्यात फक्त गावाचं नाव असेल तर समन्स ‘सदर पत्त्यावर मिळून आले नाहीत’ असा शेरा घेऊन परत येतं. दुसरी तारीख, तिसरी तारीख, मग पर्यायी बजावणीचा अर्ज. आणि बजावणी कच्ची असताना घाईने एकतर्फी हुकूमनामा घेतला, तर समोरचा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली येऊन तो रद्द करून घेतो. अशिलाची दोन वर्षं पाण्यात. म्हणून पत्ता घेताना वाडी, घर नंबर, जवळची खूण, नोकरीच्या ठिकाणाचा पत्ता, मोबाइल आणि ईमेल सगळं घ्या.

रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या प्रत्येक प्रकरणाचा टप्पा, पुढची तारीख आणि ‘पुढच्या तारखेला आपण काय दाखल करायचं’ हे तीन रकाने लिहा. तिसरा रकाना बहुतेक ज्युनिअर लिहीत नाहीत.

पैशाचंही विचारून घ्या, संकोच नको. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावं अशी शिफारस केली आहे. ती सक्ती नाही, पण बोलणं सुरू करायला आधार आहे.

नक्कल_अर्ज

याचिका लिहिण्याबद्दल.

नव्या वकिलाची क्रूरतेची याचिका ओळखता येते. ‘प्रतिवादीने याचिकाकर्तीचा वारंवार शारीरिक व मानसिक छळ केला’ हे वाक्य तीन परिच्छेदांत चार वेळा, आणि तारीख एकही नाही. याचिकेत घटनाच नसेल तर पुढे तिच्याबद्दल पुरावा देता येत नाही. साक्षीत नवीन घटना आली की समोरचा वकील उलटतपासात फक्त एक प्रश्न विचारतो, ‘हे तुम्ही याचिकेत लिहिलेलं नाही ना?’ आणि खाली बसतो. नंतर दुरुस्ती अर्ज द्यायचा म्हटलं तर आदेश ६ नियम १७ आडवा येतो. पुरावा सुरू झाल्यावर दुरुस्ती सहज मिळत नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी अशिलाकडून तारीखवार तक्ता करून घ्या. रकाने पाच: केव्हा, कुठे, काय घडलं, कोणासमोर, कागद काय आहे. नेमकी तारीख आठवत नसेल तर सणावरून, मुलाच्या वयावरून, शाळेच्या सुट्टीवरून काढा. ‘२०२१ च्या गणपतीत, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी’ हे न्यायालयाला चालतं. अंदाजाने ठोकून दिलेली तारीख चालत नाही, कारण त्या दिवशी नवरा परगावी असल्याचं तिकीट निघतं. तक्त्यात पंधरा घटना आल्या तर त्यातल्या कागद किंवा साक्षीदार असलेल्या पाच-सहा ठळक मांडा आणि बाकीच्या थोडक्यात घ्या.

अधिकारक्षेत्राचा परिच्छेद शेवटी घाईत लिहू नका. हिंदू विवाह कायद्याचं कलम १९ बघा: लग्न जिथे लागलं, प्रतिवादी जिथे राहतो, दोघं शेवटचे जिथे एकत्र राहिले, आणि पत्नी याचिकाकर्ती असेल तर ती सध्या जिथे राहते. हा शेवटचा पर्याय फक्त पत्नीला आहे. माहेरच्या पत्त्यावर याचिका केली तर राहण्याचा पुरावा जोडा, नाहीतर पहिला आक्षेप तिथेच येतो.

लग्नाला वर्ष झालं नसेल तर कलम १४ मुळे घटस्फोटाची याचिका दाखलच होत नाही. अपवादात्मक हालअपेष्टा असतील तर आधी परवानगीचा अर्ज लागतो. परित्यागासाठी (जोडीदार सोडून गेल्याच्या कारणासाठी) सलग दोन वर्षं हवीत, आणि ती याचिका दाखल करण्याच्या लगतची हवीत. मधे महिनाभर दोघं एकत्र राहून आले असतील तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे अशील आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

आधीची किंवा चालू असलेली सगळी प्रकरणं याचिकेत लिहा. आणि याचिका, फिर्याद आणि हिंसाचाराचा अर्ज ही तिन्ही शेजारी ठेवून वाचा. एकात ‘मार्चमध्ये घरातून हाकललं’ आणि दुसऱ्यात ‘मे महिन्यात स्वतःहून माहेरी आले’ असं असेल तर साक्ष तिथेच कोसळते. तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतात, म्हणून हे इतक्या वेळा होतं.

मोबाइलमधले संदेश आणि रेकॉर्डिंग: नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंट देऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे (जुनं ६५-ब). त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, अ भाग यंत्र वापरणाऱ्याने आणि ब भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संकेतांक) लागते. जुना एका पानाचा नमुना अजून फिरतोय, तो वापरू नका. मूळ फोन अशिलाला विकू देऊ नका, बदलू देऊ नका. जोडीदाराचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग चालतं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विभोर गर्ग प्रकरणात मिटवला: वैवाहिक खटल्यात ते पुराव्यात घेता येतं. पण ते खरं आहे आणि त्यात फेरफार नाही, हे सिद्ध करायचं काम तुमचंच.

नवी_सनद

खूप आभार. दोन शंका. कौटुंबिक न्यायालयात वकिलाला उभंच राहता येत नाही असं १९८४ च्या कायद्याच्या कलम १३ वरून वर्गात शिकवलं होतं, मग तिथे एवढे वकील कसे? आणि एआयबीई होईपर्यंत मी स्वतः उभी राहू शकते का?

पुरसीस

कलम १३ म्हणतं की पक्षकाराला वकील देण्याचा *हक्क* नाही. मनाई नाही. वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज द्यायचा, कारण लिहायचं, न्यायालय हुकूम करतं. वादग्रस्त प्रकरणात परवानगी सहसा मिळते. पण समुपदेशकापुढे पक्षकाराने स्वतःच जायचं असतं. तिथे त्याच्याऐवजी आपण बोलायचं नाही, आणि तिथे झालेलं बोलणं पुरावा म्हणून आणायचंही नाही.

एआयबीई: सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं असतं, तोवर काम करता येतं. १०० प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. टिपा नसलेला मूळ कायदा सोबत नेता येतो. पुढे ढकलू नका, दुसऱ्या वर्षी कामात वेळ मिळत नाही. आणि सीनिअरच्या वकीलपत्रावर तुमचंही नाव आणि सही असू द्या. नसेल तर तुम्ही फक्त तारीख मागायला उभ्या राहता.

आता पोटगी. आकडा न्यायाधीश ठरवतात हे खरं, पण ते समोर आलेल्या कागदांवरून ठरवतात. कागद आणायचे ते वकिलाने.

४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि दायित्वांचं प्रतिज्ञापत्र देणं सक्तीचं आहे. समोरच्याला उत्तरासह ते द्यायला जास्तीत जास्त चार आठवडे. नमुने निकालाला जोडलेले आहेत. शेतीचं उत्पन्न असणाऱ्यांसाठी नमुना वेगळा आहे. तालुक्यात काम करणार असाल तर हा दुसरा नमुना आधी शिका, कारण शेतकरी कुटुंबाला नोकरदाराचा नमुना भरून दिल्याचं सर्रास दिसतं आणि त्यात जमिनीचं उत्पन्न दाखवायला नीट जागाच नसते.

नोकरदार असेल तर तीन वर्षांची विवरणपत्रं, फॉर्म १६, पगारपत्रकं आणि सगळ्या खात्यांचे उतारे मागा. पगारपत्रकात ‘हातात येणारा’ आकडा बघून थांबू नका. आयकर, व्यवसाय कर आणि भविष्य निर्वाह निधीचा सक्तीचा हिस्सा ही कपात ग्राह्य. पण सोसायटीचं कर्ज, ऐच्छिक पीएफ, विम्याचे जादा हप्ते हे स्वतःच्या इच्छेने केलेले खर्च आहेत, ते उत्पन्नातून वजा धरू नयेत असा युक्तिवाद करा. खात्याच्या उताऱ्यात भावाच्या किंवा आईच्या खात्यावर वाद सुरू झाल्यापासून जाणाऱ्या ठरावीक रकमा शोधा. म्युच्युअल फंडाचे हप्ते शोधा. ज्याच्याकडे पोटगीला पैसे नाहीत त्याचा हप्ता मात्र दर महिन्याला जात असतो.

शेतकरी असेल तर सातबारा आणि आठ-अ, कारखान्याची ऊस बिलं, दूध संस्थेची पावती पुस्तिका, पीक कर्जाची मंजुरी. सातबारा वडिलांच्या नावावर आहे म्हणून हात टेकू नका. ऊस कोणाच्या नावाने कारखान्यावर जातो, ते पाहा. दुकानदार असेल तर जीएसटी विवरणपत्रं आणि कर्ज घेताना बँकेला दिलेला उत्पन्नाचा अंदाज. बँकेला दाखवलेलं उत्पन्न आणि कोर्टाला दाखवलेलं उत्पन्न यातला फरक हाच तुमचा मुख्य युक्तिवाद.

कागद समोरचा देत नसेल तर नियोक्त्याला कागदपत्रांसह साक्षीसमन्स काढण्याचा अर्ज द्या.

आपल्या अशिलाचं प्रतिज्ञापत्रही तितक्याच कडकपणे तपासा. शिकवणीचं उत्पन्न, माहेरच्या दुकानातलं काम लपवलं आणि ते उलटतपासात निघालं, तर पोटगी तर घटतेच, खोट्या प्रतिज्ञापत्राची कारवाईही मागे लागते.

‘पगाराच्या २५ टक्के मिळतात’ असं अशिलाला सांगू नका. ते २०१७ च्या एका निकालात त्या प्रकरणापुरतं आलेलं प्रमाण आहे, सूत्र नाही.

वेगवेगळ्या कायद्यांखाली पोटगी मागता येते: हिंदू विवाह कायदा कलम २४, हिंसाचार कायदा कलम २०, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १४४. पण आधी मिळालेली रक्कम पुढच्या अर्जात उघड करायची, ती वळती होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आणि नवं १४४ दोन्ही पाठ ठेवा. १ जुलै २०२४ पूर्वीचे प्रलंबित अर्ज जुन्या संहितेखालीच चालू आहेत.

आणि वसुली! हुकूम मिळाला की पेढे वाटले जातात, पैसे मात्र येत नाहीत. कलम १४४ च्या वसुलीत रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अशील ‘देतो म्हणालाय’ म्हणून दीड वर्ष थांबते आणि पहिल्या सहा महिन्यांची रक्कम या मार्गाने बुडते. म्हणून डायरीत दर चार महिन्यांनी वसुली अर्जाची नोंद घाला. नोकरदार असेल तर पगारातून परस्पर कपातीचा हुकूम मागा. आणि नवऱ्याला थकबाकीपोटी तुरुंगात टाकलं तरी देणं संपत नाही. तो बाहेर आल्यावरही रक्कम देय असते, हे १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर प्रकरणात सांगितलं आहे.

कृष्णाकाठ

पुरसीस यांच्या उत्तरात भर घालण्यासारखं काही नाही, मी तडजोडीबद्दल लिहिते. नव्या वकिलाला पहिलं स्वतंत्र काम बहुतेक परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं मिळतं आणि ‘सोपं आहे’ म्हणून मसुदा इंटरनेटवरून उचलला जातो. तिथेच घोटाळा होतो.

दिल्लीचे नमुने वापरू नका. तिथे पहिला आणि दुसरा असे दोन स्वतंत्र अर्ज करण्याची पद्धत आहे. आपल्याकडे एकच याचिका दाखल होते, कौटुंबिक न्यायालयात तिला ‘एफ’ याचिका म्हणतात, आणि सहा महिन्यांनंतर तीच पुढे चालून हुकूमनामा होतो. ते सहा महिने माफ करण्याचा अर्ज अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालावर देता येतो. पण विभक्त राहून दीड वर्ष उलटलेलं हवं, समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत, आणि पोटगी, मुलं आणि बाकी देणीघेणी खऱ्या अर्थाने मिटलेली हवीत. ‘पुढे ठरवू’ असं एकही कलम मसुद्यात असेल तर माफी मागायला जाऊ नका.

मुख्य धोका हा की हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. त्यामुळे सगळी रक्कम आधीच दिली तर नवरा अडकतो, सगळे खटले आधीच मागे घेतले तर बायको अडकते. रक्कम टप्प्यांत बांधा. याचिका दाखल होताना पहिला हिस्सा, हुकूमनाम्याच्या दिवशी दुसरा, आणि छळाची फिर्याद उच्च न्यायालयातून रद्द झाल्यावर तिसरा. तिसरा हिस्सा आधीच न्यायालयात जमा करून ठेवायचा, म्हणजे दोघांनाही झोप लागते.

फिर्यादीचं कलम नीट समजून घ्या. छळाचं कलम ४९८-अ (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) खालच्या कोर्टात आपसात मिटवता येत नाही. ‘पत्नी फिर्याद मागे घेईल’ हे वाक्य निरर्थक आहे. लिहायचं असं: अमुक दिवसांत नवरा उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली अर्ज करेल, पत्नी ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र देईल, गरज पडल्यास हजर राहील, आणि त्या अर्जाचा खर्च कोण करेल. हे न लिहिल्यामुळे घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली तरी पासपोर्टची पडताळणी अडकलेली असते.

स्त्रीधन: ‘सर्व दागिने मिळाले’ एवढ्यावर भागवू नका. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये, फोटो, आणि हस्तांतराची तारीख-जागा. घरून घरी देवाणघेवाण नको, वकिलाच्या कार्यालयात किंवा न्यायालयाच्या आवारात करा.

सदनिका: दोघांच्या नावावर घर आणि वर गृहकर्ज असेल तर तुमच्या अटी बँकेला बांधत नाहीत. नवरा हप्ते भरेल असं लिहिलं तरी तो थकला की बँक सहकर्जदार म्हणून बायकोकडे येते. म्हणून बँकेचं संमतीपत्र मिळतं का ते आधी पाहा. हक्कसोडपत्र कधी नोंदवायचं, मुद्रांक कोण भरेल, ते लिहा. आणि घराचा उल्लेख याचिकेच्या मजकुरात आणि मागणीतही आणा. वादाचा विषय नसलेली मालमत्ता तडजोड हुकूमनाम्यात घातली तर त्या हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते.

मुलं: आई स्वतःची पोटगी सोडू शकते, मुलाची नाही. ‘भविष्यात मुलासाठी काहीही मागणार नाही’ हे कलम टिकत नाही, तरी दर दुसऱ्या मसुद्यात दिसतं. भेटीचं कलम तर इतकं बारीक लिहा की भांडायला जागा राहू नये: महिन्यातला कितवा शनिवार, किती ते किती, मूल कोण आणणार, कुठे सोपवणार, मूल आजारी असेल तर बदली दिवस कोणता, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीची विभागणी, व्हिडिओ कॉलची वेळ, शाळेच्या पालकसभेला कोण जाणार, पासपोर्ट कोणाकडे राहणार, परदेशी नेण्याआधी किती दिवस कळवायचं. ‘दोघांच्या सोयीने भेट’ असं लिहिलं की सहा महिन्यांत अर्ज आलाच म्हणून समजा. यात भरडलं जातं ते मूल, म्हणून या एका पानाला बाकी मसुद्याइतका वेळ द्या.

एक पक्षकार अमेरिकेत किंवा दुबईत असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरून घ्या. तरीही संमती खरी आहे का, हे न्यायालय त्या व्यक्तीला व्हिडिओवर विचारतं. त्यामुळे वेळेतला फरक सांगून तारीख आधीच ठरवून घ्या.

मांडवीकाठ

सनद एकच असली तरी गोव्यात हिंदू विवाह कायदा लागू नाही. इथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदतं, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. घटस्फोटानंतरची वाटणी हा वेगळा टप्पा असतो. सिंधुदुर्ग, कोल्हापूरकडच्या वकिलांकडे सावंतवाडीची मुलगी आणि पेडण्याचा मुलगा असं प्रकरण येतं, तेव्हा पहिल्याच भेटीत ‘लग्नाची नोंद कुठे झाली?’ हे विचारा. सवयीने हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ची (घटस्फोटाची) याचिका टाइप करायला घेऊ नका.

हेच धर्माबाबत. ख्रिस्ती जोडप्याला १८६९ चा घटस्फोट कायदा, नोंदणी विवाहाला १९५४ चा विशेष विवाह कायदा, पारशी पक्षकारांसाठी मुंबई उच्च न्यायालयात स्वतंत्र वैवाहिक न्यायालय. मुस्लिम पत्नीला १९३९ चा कायदा आहे, शिवाय खुला (पत्नीच्या मागणीवरून) आणि मुबारत (दोघांच्या संमतीने) हे घटस्फोट आहेत. हिंसाचार कायदा आणि कलम १४४ मात्र सगळ्यांना.

रोजनामा

अशील आणि फी याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून पुन्हा येतो.

पहिल्या भेटीला मुलीसोबत आई, वडील, मामा, काका असे चार जण येतात आणि तेच बोलतात. सगळ्यांचं पाच-दहा मिनिटं ऐका, मग त्यांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोला. मुलगा असेल तरी तेच. तिला खरंच घटस्फोट हवाय, वेगळं बिऱ्हाड हवंय की फक्त मार थांबायला हवाय, ही तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि तिन्हींचे कायदे वेगळे. घरात राहण्याचा हक्क हवा असेल तर हिंसाचार कायद्याचं कलम १९, तिथे घटस्फोटाची याचिका काय कामाची? जिवाला धोका असेल तर कागद नंतर. आधी संरक्षण अधिकारी, पोलीस, राहण्याची सुरक्षित जागा.

घर सोडण्याच्या बेतात असलेल्या अशिलाला यादी द्या: आधार, पॅन, मुलांचे जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र, पासबुक, शैक्षणिक कागद, दागिन्यांच्या पावत्या, औषधपाण्याचे कागद. लग्नाची नोंद नसेल तर पत्रिका, फोटो आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींचं नाव. मागाहून हे कागद मिळवायला महिने जातात.

नातेवाइकांची नावं सरसकट घालण्याचा आग्रह होतो. मुंबईत राहणारी नणंद, ऐंशी वर्षांची आजी, सगळे आरोपी करा म्हणतात. नकार द्यायला शिका. अशा मोघम आरोपांवरच्या फिर्यादी न्यायालयं रद्द करतात आणि त्यात खऱ्या आरोपांचाही जोर जातो.

फी टप्प्याटप्प्याने आणि लेखी ठरवा: मसुदा आणि दाखल, अंतरिम अर्ज, पुरावा, युक्तिवाद. मिळणाऱ्या पोटगीतला ठरावीक टक्का फी म्हणून घेणं बार कौन्सिलच्या नियमांनुसार गैरवर्तन आहे, ‘सगळेच घेतात’ असं कोणी म्हणालं तरी. जाहिरातही करता येत नाही. थकलेल्या फीसाठी अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही. आणि नवऱ्याला एकदा सल्ला दिला असेल तर नंतर बायकोचं वकीलपत्र घ्यायचं नाही. गावात हे फार जपावं लागतं, कारण दोन्ही घरं ओळखीची असतात. संमतीच्या याचिकेतही दोघांनी आपापला वकील करावा हेच बरं, मग एकानेच दोघांकडून फी घेण्याची पद्धत कितीही रुळलेली असो.

स्त्री पक्षकाराला वैवाहिक आणि पोटगीच्या कामात कोर्ट फी माफ आहे, राज्य सरकारची १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना. दाखल करताना तिचा उल्लेख करा, नवख्या वकिलाकडून उगाच स्टॅम्प लावला जातो.

नवी_सनद

तालुक्याच्या सरांचं बोर्ड काल पाहिलं. आठवड्यात एकतीस प्रकरणं, त्यात विवाह याचिका, पोटगी आणि हिंसाचार मिळून अकरा, आणि त्यातली पाच पुराव्यावर. तिकडेच जाते. शेवटचं एक: विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर लगेच जाता येतं का?

पुरसीस

अकरातली पाच पुराव्यावर म्हणजे चांगलं बोर्ड आहे, जा.

पॅनेलसाठी तीन वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे आत्ता नाही. पण स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे माहीत असू द्या. फी न परवडणारी बाई आली तर तिला परत पाठवू नका, तालुका विधी सेवा समितीचा अर्ज तिथेच बसून भरून द्या. सर पॅनेलवर असतील तर त्यांच्याकडच्या त्या कामांत मदत मागून घ्या. तिथे तडजोड कमी आणि पुरावा जास्त असतो. सोमवारी रुजू होताय ना? तर त्या पाच प्रकरणांच्या याचिका आणि कैफियती शनिवारीच वाचायला मागा, आणि प्रत्येकीतला तारखांचा तक्ता स्वतः करून सरांसमोर ठेवा.